गरोदरपणातलं आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वांत आधी एक गोष्ट. आत्ता, हे वाचताना, जीव द्यावा असं मनात येत असेल, बाळाला संपवून आपणही संपावं असा विचार घोळत असेल, किंवा इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येत असतील, तर पुढे वाचू नका. घरातल्या मोठ्या माणसाला उठवा, बाळ त्याच्या हातात द्या आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. घरात कोणी नसेल तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवा आणि तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावा. बाकीचं नंतर वाचता येईल.

मी डॉक्टर नाही. पहिल्या बाळंतपणानंतरचे जवळपास आठ महिने मी या आजारात काढले आणि आता नव्या आयांच्या एका आधारगटात काम करते. खालचे प्रश्न तिथे येणाऱ्या बायकांचे आहेत, काही माझेही आहेत. औषधांबद्दल जे लिहिलंय ते या विषयातल्या डॉक्टरांचं सर्वसाधारण मत आहे. तुमची गोळी आणि तुमचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

बाळंतपणानंतर सगळ्याच बायका रडतात. मग आजार कधी म्हणायचा?

रडतात, हे खरं आहे. निम्म्याहून जास्त बायकांना बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत काही कारण नसताना भरून येतं, चिडचिड होते, आत्ता हसू तर घटकेत हुंदका. चौथ्या-पाचव्या दिवशी याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. याला ‘बेबी ब्लूज’ म्हणतात. त्याला औषध लागत नाही. झोप, वेळेवर जेवण आणि पाठीवरून हात फिरवणारं एक माणूस एवढं पुरतं.

दोन आठवडे उलटूनही मळभ हटत नसेल, उलट दाटत चाललं असेल, तर मात्र वाट बघू नका. स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या महिन्याभरात उदास, हताश वाटून त्रास झाला का? पूर्वी ज्यात मन रमायचं त्यातली गोडी गेली आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर कोणाशी तरी बोलायची वेळ झाली आहे.

हे किती जणींना होतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर बायकांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्याचं प्रमाण सर्वांत मोठं आहे. विकसनशील देशांत हेच आकडे १५.६ आणि १९.८ टक्के आहेत. म्हणजे पाच बाळंतिणींमागे जवळजवळ एक. तरीही आमच्या गटात येणारी प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच म्हणते की असं फक्त मलाच होतंय.

मला सहावा महिना आहे आणि काहीच नकोसं वाटतं. पण हे तर बाळंतपणानंतर होतं ना?

नाही, आधीही होतं. ‘बाळंतपणानंतरचं नैराश्य’ या नावानेच पुष्कळ घोळ केला आहे. बाळंतपणानंतर लक्षात येणाऱ्या नैराश्यापैकी सुमारे निम्म्या वेळा आजाराची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. फक्त तेव्हा कोणी नाव दिलेलं नसतं. थकवा, झोपमोड, खाण्यावरची इच्छा जाणं ही गरोदरपणाचीही लक्षणं आणि नैराश्याचीही, त्यामुळे सगळं पोटातल्या बाळाच्या खात्यावर मांडलं जातं.

फरक ओळखायचा तर शरीर सोडून मनाकडे बघा. गरोदर बाई थकते, पण विश्रांती मिळाली, आवडीचं माणूस भेटलं की तिला बरं वाटतं. नैराश्यात आवडीचं माणूस समोर बसलं तरी कधी एकदाचं उठून जाईल असं होतं. येणाऱ्या बाळाचा विचार मनाला शिवत नाही, किंवा शिवला की धास्तीच वाटते. आपण कशालाच लायक नाही, आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय, हा विचार सकाळपासून पाठ सोडत नाही. असं असेल तर पुढच्या तपासणीत रक्तदाबाइतक्याच सहजपणे हेही सांगा. बाळंत झाल्यावर बघू म्हणून ढकलू नका. उपचार न केलेल्या नैराश्यात वेळेआधी बाळंत होण्याचं आणि बाळाचं वजन कमी भरण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

बाळंतपणानंतर हा आजार पहिल्या वर्षभरात केव्हाही डोकं वर काढू शकतो. सहाव्या महिन्यात सुरू झालं म्हणून ते ‘ते’ नव्हे, असं समजू नका.

मला तर रडूच येत नाही. मग हे नैराश्य कसं?

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्या डोक्यात नैराश्याचं चित्र म्हणजे उशीत तोंड खुपसून रडणारी बाई. मी रडत नव्हते. मी रात्रभर जागी राहून बाळाच्या नाकाखाली बोट धरत होते. श्वास लागला की बोट काढायचं, मनात शंभर मोजायचे, पुन्हा बोट धरायचं. बाळ गाढ झोपलेलं, घर झोपलेलं, आणि माझी छाती धडधडतेय. दिवसा कोणी काही विचारलं तर एकच शब्द तोंडात असायचा: ‘दमलेय.’ त्या शब्दाला कोणी आक्षेप घेत नाही, पुढे काही विचारतही नाही. म्हणून तर तो वापरत होते.

नैराश्य कधी चिडचिडीच्या रूपात येतं, कधी काळजीच्या, तर कधी नुसत्या बधिरपणाच्या. भांडी, कपडे, दूध, लंगोट सगळं हात यंत्रासारखे करत राहतात आणि आपण लांबून बघत राहतो. साधा निर्णय जमत नाही. बाळाला कुठलं अंगडं घालावं यावर दहा मिनिटं जातात. नव्या आईला मी हमखास एक विचारते: बाळ झोपलेलं असताना, आणि त्याच्याकडे बघायला दुसरं माणूस असताना, तुला झोप लागते का? बाळ उठवतं म्हणून झोप होत नाही, ते सगळ्यांचंच. संधी मिळूनही डोळा लागत नाही, हे मात्र डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

बाळाबद्दल काहीच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?

नाही. पुष्कळ जणींना, अगदी नैराश्य नसलेल्यांनाही, बाळ हातात आल्या आल्या मायेचा उमाळा येत नाही. ती हळूहळू जडते, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. नैराश्यात सगळ्याच भावनांवर जाड पांघरूण पडतं, त्याखाली हीसुद्धा असते. आजार उतरला की ती वर येते.

याला जोडून एक भीती असते: माझ्या कोऱ्या चेहऱ्यामुळे बाळाचं कायमचं नुकसान झालं असेल. ही भीती वाढवणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, आणि गंमत म्हणजे दिलासाही त्याच संशोधकाच्या कामात आहे. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात आयांना सांगितलं की बाळाशी खेळता खेळता काही वेळ चेहरा एकदम निर्विकार करा. बाळं गोंधळली. हसून बघितलं, हात पुढे केले, शेवटी तोंड फिरवलं किंवा रडली. हे बघून कोणत्याही आजारी आईच्या पोटात गोळा येईल. पण आई पुन्हा हसू-बोलू लागली की बाळंही सावरली, पुन्हा खेळू लागली. आणि ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांतून असंही दिसलं की धडधाकट आई आणि बाळ यांचेही सूर फक्त ३० टक्के वेळच जुळलेले असतात. उरलेला वेळ सूर चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं यातच जातो. बाळाला लागतं ते हे पुन्हा जुळवून घेणं. दिवसातून पाच मिनिटं डोळ्यांत बघून त्याच्याशी बोललात तरी आजच्यापुरतं पुष्कळ झालं. नैराश्य लांबलं तर मुलाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच उपचार लांबवायचे नाहीत. पण झाल्या दिवसांचा हिशेब मांडत बसू नका.

मनात भयंकर विचार येतात. बाळ हातातून खाली पडतंय, सुरी दिसली की काहीतरी... हे कोणाला सांगूही शकत नाही.

आमच्या गटात एक जण तीन वेळा येऊन काही न बोलता गेली. चौथ्या वेळी सगळ्या उठल्यावर मागे थांबली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, ‘मी घरातल्या सगळ्या सुऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात अगदी वर ठेवल्यात. माझा हात पोचू नये म्हणून.’ तिला वाटत होतं की हे ऐकून मी पोलिसांना बोलावेन.

असे नको असलेले, अचानक घुसणारे विचार बहुसंख्य नव्या आयांना कधी ना कधी येतात. बाळाला जपण्यासाठी मेंदू सतत धोका हुंगत असतो, आणि कधी कधी तो धोक्याची चित्रंच रंगवून दाखवतो. चिंता किंवा नैराश्य असेल तर ही चित्रं चिकटून बसतात. ती फारच वाढली, त्यापायी बाळाला अंघोळ घालणं टाळावंसं वाटू लागलं, पुन्हा पुन्हा तपासणं सुरू झालं, तर तो मंत्रचळाचा म्हणजे ओसीडीचा प्रकार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत.

महत्त्वाचं हे की या विचाराने तुम्हाला घाम फुटतो. तो तुम्हाला नकोसा आहे, तुमच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे, तो खरा होऊ नये म्हणून तुम्ही धडपडता. अशा बायका बाळाला इजा करत नाहीत. त्या सुऱ्या लपवतात.

चित्र उलटं असेल तेव्हा धोका असतो. विचाराची भीती वाटेनाशी होते, तो योग्यच आहे, तसं करायलाच हवं, बाळाला कसल्या तरी संकटातून सोडवण्याचा तोच मार्ग आहे असं वाटू लागतं. तिथे क्षणभरही थांबायचं नाही. आणि ‘संपवून टाकावं, सुटेन’ असा विचार नैराश्यातून येत असेल तर तोही याच घाईने डॉक्टरांपुढे जायला हवा. आपलं यातलं नक्की कुठलं, हे स्वतःला ठरवता येत नसेल तर ठरवत बसू नका. डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, त्यांना ते वेगळं करता येतं.

ही दुसरी अवस्था म्हणजेच प्रसूतीनंतरचा सायकोसिस का?

हो. हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन बायकांना तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि कित्येकदा एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढतो. बाई झोपतच नाही आणि तिला झोपेची गरजही वाटत नाही. अखंड बोलते किंवा एकदम गप्प होते. घरचेच तिच्या वाईटावर आहेत असा संशय घेते, भास होतात, बाळाबद्दल विचित्र समजुती मनात बसतात. मधूनच अगदी नेहमीसारखीही वागते, आणि तिथेच घरचे फसतात.

यात तिला स्वतःला आपण आजारी आहोत हे बहुधा कळत नाही, म्हणून हे उत्तर घरच्यांसाठी आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आजार भीतीदायक आहे, पण उपचारांना दादही चांगली देतो. काही देशांत आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारे विभागही आहेत. बाईला आधीपासून बायपोलर आजार (ज्यात मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जातं) असेल किंवा मागच्या बाळंतपणात असं झालं असेल तर धोका फार वाढतो. त्यांनी गरोदरपणातच मानसोपचारतज्ज्ञांना भेटून ठेवायला हवं.

माझं काय चुकलं? हे का झालं?

तुमचं काही चुकलं नाही.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं अनेक पटींनी वाढलेली असतात आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत एकदम कोसळतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, पण काहींचा मेंदू या उताराला जास्त संवेदनशील असतो. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं अ‍ॅलोप्रेग्ननोलोन नावाचं द्रव्य मेंदूला शांत ठेवतं, तेही याच वेळी घटतं. त्याच वाटेवर काम करणारी झुरानोलोन नावाची १४ दिवस घ्यायची गोळी २०२३ साली अमेरिकेत खास बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झाली.

पण सगळा दोष संप्रेरकांवर टाकला की बाईभोवतीची माणसं सुटतात, आणि ते मला पटत नाही. आधी कधी नैराश्य येऊन गेलेलं असणं हा एक मोठा धोका. त्याच्या जोडीला घरातली मारहाण, पैशांची ओढाताण, नको असताना राहिलेला गर्भ, अवघड बाळंतपण, बाळ काचेच्या पेटीत असणं, अमुकच मूल हवं होतं म्हणून टोमणे, आणि हाताशी कोणी नसणं. यातल्या कित्येक गोष्टी गोळीने जात नाहीत. समुपदेशकाने त्या विचारल्या नाहीत तर तुम्ही होऊन सांगा.

शरीराचीही तपासणी करून घ्या. शंभरातल्या पाचेक जणींना बाळंतपणानंतर थायरॉइडचा दाह होतो, आणि त्यातला सुस्तपणा हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तरी तसंच.

सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’

होतं. लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरांनी गरोदर आणि बाळंत बायकांच्या मानसिक आजारांवर १८५८ साली अख्खा ग्रंथ लिहिला. तेव्हा आजार होता, बोलायची सोय नव्हती.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना कधी निवांत विचारा, ‘आई, तुमचं पहिलं बाळंतपण कसं झालं होतं?’ आमच्या गटातल्या एकीने असं विचारलं. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘मला त्या वर्षातलं काही आठवतच नाही.’

डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं?

बहुतेक ठिकाणी आधी एक प्रश्नावली देतात. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली तयार केलेली ‘एडिंबरा’ प्रश्नावली यासाठी जगभर वापरतात. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला चार पर्याय. एकूण गुण ३०. साधारण १३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची दाट शक्यता धरून पुढची तपासणी करतात. काही ठिकाणी १० पासूनच लक्ष देतात. गुण म्हणजे निदान नव्हे, त्यानंतर समोरासमोर बोलणं हवंच.

पहिला प्रश्न हसण्याबद्दलचा आहे. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत भरून टाकू. पहिल्याच ओळीवर पेन थांबलं, कारण शेवटचं कधी हसले तेच आठवेना. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे खोटं लिहायचा मोह होतो. लिहू नका. एकूण गुण कितीही कमी असले तरी त्या एका उत्तराकडे वेगळं आणि लगेच लक्ष दिलं जातं.

बोलताना ‘दमलेय’ म्हणू नका. घडलेलं सांगा: ‘बाळ झोपल्यावरही मला झोप लागत नाही. तीन आठवडे झाले, कोणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. परवा गॅलरीत उभी होते तेव्हा नको तो विचार आला.’ तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे करा. पहिल्या डॉक्टरांनी ‘होतं असं, बाळाकडे बघा, बरं वाटेल’ म्हणून वाटेला लावलं तर दुसऱ्यांकडे जा. माझ्या बाबतीत तसं झालं आणि त्यात माझे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांबद्दल मला अजून राग आहे.

गोळ्या घ्याव्याच लागतात का?

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्याचे उपचार एकटेही पुरेसे ठरतात. दोन पद्धतींचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे: विचार आणि वागणं यांच्यातली गाठ सोडवणारी सीबीटी, आणि नात्यांतल्या, भूमिकांतल्या बदलांवर काम करणारी आयपीटी. तीव्र नैराश्यात गोळ्या लागतात, बहुधा दोन्ही मिळून.

उपचार द्यायला मोठमोठे तज्ज्ञच हवेत असंही नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना सीबीटीवर आधारलेलं प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या गटातल्या २३ टक्के बायकांना नैराश्य उरलं होतं. नेहमीच्या घरभेटी मिळालेल्या गटात ५३ टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर हीच पद्धत इतर देशांसाठी पुस्तिकेच्या रूपात आणली. घरी येऊन, शेजारी बसून, नेमानं ऐकणारं माणूस काय करू शकतं, हे मला या आकड्यांत दिसतं.

गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गोळ्या चालतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त घाबरवणाराही.

तराजूच्या एका पारड्यात गोळी आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशी मांडणी मुळात चुकीची आहे. दुसऱ्या पारड्यात उपचार न केलेला आजार असतो. एसएसआरआय गटातल्या नैराश्याच्या गोळ्या गरोदरपणात बरीच वर्षं वापरात आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. गरज असेल तर डॉक्टर त्या देतात. धोका अगदी शून्य नाही. शेवटच्या महिन्यांत गोळ्या चालू असतील तर काही बाळं पहिले काही दिवस किरकिरी, थरथरणारी असतात. बहुधा ते आपोआप निवळतं. फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा एक दुर्मीळ त्रास किंचित वाढतो, पण तो हजारात मोजक्या बाळांनाच होतो. पॅरोक्सेटीन सुरुवातीच्या महिन्यांत शक्यतो टाळतात. व्हॅल्प्रोएट हे नैराश्याचं नव्हे, बायपोलर आणि फिटचं औषध; ते गर्भाला निश्चितपणे घातक आहे. ते चालू असेल आणि दिवस गेले असतील, किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना ताबडतोब भेटा, पण मनाने बंद करू नका.

अंगावर पाजताना सर्ट्रालिनला बहुधा पहिली पसंती असते. आईच्या वजनानुसार तिचा डोस आणि बाळाच्या वजनानुसार दुधातून त्याच्या पोटात जाणारं औषध यांची तुलना करतात. हे प्रमाण १० टक्क्यांखाली असेल तर साधारणपणे चालण्यासारखं मानतात, आणि सर्ट्रालिनचं त्याहून पुष्कळ कमी असतं. बहुतेक जणींना गोळीसाठी दूध तोडावं लागत नाही.

सर्वांत वाईट काय, तर ‘पॉझिटिव्ह’ आल्याच्या दिवशी घाबरून चालू गोळ्या एकदम थांबवणं. आजार उलटतो, आणि एकदम बंद केल्याचा त्रास वेगळा. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, तोवर गोळी चालू ठेवा. याला अपवाद डॉक्टर सांगतील तेवढाच.

दूध पाजणं बंद केलं तर बरं वाटेल का?

काहींना पाजणं हाच दिवसातला एकमेव शांत वेळ असतो, काहींना तीच सर्वांत मोठी शिक्षा. पाजण्याच्या हट्टापायी आईची सगळी रात्र जळत असेल तर रात्रीचं एखादं पाजणं दुसऱ्याने बाटलीने करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक वेगळा प्रकारही आहे. काही जणींना पान्हा फुटायच्या आधी काही सेकंद एकदम खिन्न वाटतं आणि दोन-चार मिनिटांत ते निघून जातं. बाकी दिवस ठीक असेल तर हे नैराश्य नाही, दूध उतरतानाची शरीराची प्रतिक्रिया आहे.

नवऱ्याने आणि घरच्यांनी काय करावं?

आधी तिला झोपू द्या. सलग चार-पाच तास, दार बंद, बाळ दुसऱ्या खोलीत, हाक मारायची नाही. एका रात्रीपुरतं नव्हे, रोज.

‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. सांगण्याचीच ताकद गेलेली असते. न विचारता करा: कपडे वाळत घाला, डॉक्टरांची वेळ घ्या, तिच्याबरोबर जा, गोळ्या संपायच्या आधी आणा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचं काम नवऱ्याचं.

‘इतकं गोजिरवाणं बाळ आहे, तुला दुःख कसलं?’ हे वाक्य कृपा करून घरात कोणी उच्चारू नका. ती हे स्वतःला दिवसातून शंभरदा विचारते आणि त्यातूनच आणखी अपराधी होते. बाळ झाल्यावर प्रत्येक फोन, प्रत्येक भेट ‘बाळ कसं आहे?’ने सुरू होते. तुम्ही ‘तू कशी आहेस?’ने सुरू करा, आणि उत्तर ‘ठीक’ आलं तर उठू नका. आत्महत्येचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून ओझं उतरतं.

बाबांनाही होतं का?

होतं, साधारण दहातल्या एकाला. पुरुषांत ते बऱ्याचदा चिडणं, घराबाहेर राहणं, दारू वाढणं अशा रूपात दिसतं. आई आजारी असेल तर बाबांचीही शक्यता वाढते. त्यांनीही डॉक्टरांकडे जावं.

माझं बाळ गेलं. मग हे दुःख की आजार?

गर्भपात, पोटात बाळ दगावणं, जन्मल्यावर बाळ जाणं, यानंतरचं दुःख हे दुःखच असतं आणि त्याला घाई करता येत नाही. शरीर मात्र बाळंतिणीचंच असतं. संप्रेरकं कोसळतात, दूधही येतं, आणि त्या दुधाबद्दल आधी कोणी सांगितलेलं नसतं. दुःखातही आजार होऊ शकतो. आठवण नसतानाही सगळं काळं दिसत असेल, स्वतःचाच राग येत असेल, बाळाच्या मागे जावंसं वाटत असेल, तर उपचार हवेत. ‘दुसरं होईल’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही.

पुढच्या बाळंतपणात पुन्हा होईल का?

शक्यता इतरांपेक्षा नक्कीच जास्त असते, पण होईलच असं नाही. या वेळी तुम्हाला माहीत असतं, हा मोठा फरक. गरोदरपणातच समुपदेशन सुरू केल्याने धोका असलेल्या बायकांमध्ये नैराश्य काही अंशी टाळता येतं. रात्री बाळ कोण घेणार, कोणती लक्षणं दिसली तर नवरा कोणाला फोन करणार, हे आठव्या महिन्यातच कागदावर लिहा. माझ्या दुसऱ्या वेळी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

गोळ्यांचा परिणाम दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण दिसायला सहाएक आठवडे लागतात. आधी झोप आणि भूक सुधारते, मन मागून येतं. पहिल्या गोळीने फरक पडला नाही तर डोस वाढवतात किंवा गोळी बदलतात, म्हणून दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळ्या चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात.

बरं होणं सरळ रेषेत होत नाही. चार दिवस चांगले जातात, पाचवा पुन्हा खोल, आणि त्या पाचव्या दिवशी वाटतं की सगळं मुसळ केरात. तसं नसतं. रोज एक ओळ लिहून ठेवली तर महिन्याने मागे वळून बघता येतं.

माझ्या वहीत सातव्या आठवड्यापर्यंत बहुतेक ओळी सारख्याच आहेत. मग एका दुपारी बाळाला लागोपाठ तीन शिंका आल्या आणि तिसऱ्या शिंकेला ते स्वतःच इतकं दचकलं की मला हसू फुटलं. मोठ्याने. शेजारच्या खोलीतला घड्या घालण्याचा आवाज थांबला आणि नवरा हातातला अर्धा घडी घातलेला टॉवेल घेऊन दारात येऊन उभा राहिला.